सहा दिवसांचं भाडं

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, खोलीत मटण शिजवणार का, तेही विचारलं नाही. त्याआधी मी आणि माझे वडील धाराशिवात सहा घरं फिरलो होतो आणि प्रत्येक ठिकाणी बोलणं या तीन गोष्टींपासूनच सुरू झालं होतं. हे गृहस्थ ओट्यावर बसून लिंबाच्या काडीनं दात घासत होते. पांढरा पायजमा, बाहीचं बटण तुटलेला शर्ट, डोक्याला जाळीची टोपी. काडी तोंडातून काढून ते म्हणाले, "हजरी किती?"

मला कळलं नाही. वडिलांना कळलं. ते म्हणाले, "रोजावर न्हाय ती. पगारावर हाय. लॅबमधी, रक्त तपासत्यात तिथं."

"पगार म्हंजे महिन्याची हजरी. किती?"

"साडेदहा हजार," मी म्हणाले.

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "सव्वीस दिवस काम. चारशे रोज धर, वरचं सोड. सहा दिवसांचे चोवीसशे झाले. ते भाडं. लाइटबिल तुझं तू भर. पसंत असंल तर चावी घे."

तशीच खोली इतर ठिकाणी चार हजारांना होती. वडिलांना संशय आला. भूमच्या बाजारात जन्मभर बैलांचे दात बघून सौदा केलेला माणूस. स्वस्त म्हटलं की ते आधी खोट शोधायचे. त्यांनी दुपारभर त्या खोलीत चटई टाकून झोप काढली, नळ सोडून पाहिला, भिंतीला हात लावून ओल पाहिली, शेजाऱ्यांकडं पाणी मागून दोन शब्द बोलून आले. संध्याकाळी एसटीत बसताना म्हणाले, "खोलीत काय खोट न्हाय. माणूसच तसा दिसतोय. ऱ्हा तू."

माणूस तसाच होता. गावात त्यांना मिस्त्री म्हणायचे, आम्ही भाडेकरू चाचा म्हणायचो. चाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं होतं आणि धाराशिवातली निम्मी जुनी पक्की घरं आपल्या हातची आहेत असं ते सांगायचे. निम्मी नसली तरी बरीच असावीत. कारण त्यांच्याबरोबर बाजारात गेलं की ते चालता चालता कुठल्याही भिंतीवर बोटाच्या मागच्या हाडानं टक टक करायचे आणि "ही माझी" किंवा "ही न्हाय माझी, बघ कशी बोलती" असं म्हणायचे. गावाबाहेर प्लॉट स्वस्त होते तेव्हा त्यांनी एक घेतला, त्यावर राहायला दोन खोल्या आणि समोर ओळीनं सहा खोल्या बांधल्या. सगळं स्वतःच्या हातानं, सुटीच्या दिवशी, बारा वर्षं.

त्या सहा खोल्यांचं भाडं सारखं नव्हतं. ज्याची जेवढी कमाई, त्याचे सहा दिवस. एखाद्याची कमाई मोठी असली तर बाजारात जो भाव असेल तेवढाच, त्याच्यावर पै नाही. त्यामुळं एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या खोल्यांना कुणी चार हजार देत होतं, कुणी दोन, आणि शेवटच्या खोलीतल्या मावशी बाराशे. मावशी एका खानावळीत भाकरी थापायच्या. त्यांना दोनशे रोज मिळायचा.

चार हजार देणारे एक बँकेतले साहेब होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते तणतणत आले. चाचांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "साहेब, तुमचे किती दिवस जात्यात?"

साहेबांनी हिशेब केला. "दोन."

"मावशीचे सहा जात्यात. मग महाग कुणाला पडली?"

साहेब दोन महिन्यांनी सोडून गेले. पण जाताना म्हणाले, की त्या माणसाशी भांडता येत नाही.

सहाच दिवस का, हे मी त्यांना निदान तीन वेळा विचारलं असेल. एकदा म्हणाले, आठवड्यातला दीड दिवस, एवढाच जीव माणूस छपरासाठी काढू शकतो. दुसऱ्यांदा म्हणाले, खोल्या सहा म्हणून दिवस सहा. तिसऱ्यांदा सांगितलं ते खरं असावं. लग्न झाल्यावर ते पुण्याला कामाला गेले होते. तिथं पत्र्याच्या खोलीला महिन्याचे पंधरा दिवस जायचे. एका पावसाळ्यात काम बंद पडलं आणि पहिली मुलगी तापानं गेली. "दवाखान्याचे दिवस उरलेच न्हाईत," ते म्हणाले. एवढंच. मग उठून बकरीला पाला टाकायला गेले.

हा दिवसांचा प्रश्न ते कुणालाही विचारायचे. लॅबमध्ये साखर तपासायला आले की डॉक्टरांना विचारायचे. खरेदीखताच्या ऑफिसात रांगेत उभ्या असलेल्यांना विचारायचे. एकदा एका लग्नात, आम्ही सगळे पंगतीत असताना, त्यांनी नवऱ्या मुलालाच विचारलं. मुलगा पुण्यात कंपनीत होता, नवा फ्लॅट घेतला होता, मुलीकडची मंडळी त्या फ्लॅटचं कौतुक चार वेळा करून झाली होती. मुलगा हसत म्हणाला, "चाचा, हप्त्याला अठरा दिवस जातात."

"मंग अठरा तारखेपतुर तू बँकेचा पाव्हणा," चाचा म्हणाले. "एकोणीसला घरी येतो."

मुलगी बाजूलाच होती. ती हसली नाही. नंतर मी तिला मोबाइलवर आकडेमोड करताना पाहिलं.

त्यांचा नियम खालीही जायचा. आमच्या तिसऱ्या खोलीत एक गुरुजी होते, जळकोटचे. अनुदान नसलेल्या शाळेवर शिकवायचे. शाळा कधी पगार द्यायची, कधी नाही. एकदा सलग पाच महिने काही मिळालं नाही. गुरुजी घाबरून चाचांसमोर यायचेच बंद झाले, पहाटे निघून जायचे. चाचांनी एक दिवस त्यांना नळावर गाठलं. "शून्याचे सहा दिवस किती होत्यात गुरुजी? तुम्ही तर गणिताचे."

गुरुजींनी नळ बंद केला.

"शून्यच की. मंग तोंड कशापायी लपवता?"

यावर चाचींचा आवाज आतून आला. चाची दख्खनीत बोलायच्या आणि त्यांचा आवाज ओळीतल्या सहाही खोल्यांना जायचा. "शून्य में घर चलाके बताव मेरेकू." चाचा आत गेले. त्या आठवड्यात त्यांच्या घरी मटण आलं नाही, हे आम्हा सगळ्यांना वासावरून कळलं. चाचींची बाजूही खोटी नव्हती. चाचांना पेन्शन नव्हती. त्या सहा खोल्यांवरच घर चालायचं.

दर महिन्याच्या एक तारखेला चाचा प्रत्येक दारात यायचे. भाडं चाचींकडं द्यायचं असायचं. हे फक्त विचारायला यायचे. "हजरी तीच का?" आपण "तीच" म्हणायचं. वाढली असेल तर वाढली सांगायचं. कागद त्यांनी कधी कुणाला मागितला नाही.

दोन वर्षांनी लॅबनं माझा पगार पंधरा हजार केला. पुढच्या एक तारखेला ते दारात आले. "हजरी तीच का?" मी कुकरचं झाकण लावत होते. मी वळले नाही. "तीच," म्हणाले.

मी पैशासाठीच खोटं बोलले. फरक हजार रुपयांचा होता आणि मला स्कूटी घ्यायची होती. पहिल्या महिन्यात मी कुकरकडं बघत बोलले, दुसऱ्या महिन्यात दाराच्या कडीकडं, तिसऱ्या महिन्यापासून मी त्यांच्याकडं बघून "तीच" म्हणू लागले. असे सात महिने गेले. मग एक दिवस चाचा लॅबमध्ये आले असताना आमच्या डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितलं, "पोरगी हुशार आहे. म्हणून तर पंधरा केले." चाचांचा हात माझ्या हातात होता. मी सुई घालत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, हात हलवला नाही. रक्त देऊन झालं, कापूस दाबून धरला आणि निघून गेले.

संध्याकाळी मी सात हजार घेऊन गेले. त्यांनी घेतले नाहीत. "या महिन्यापासून काय ते दे," म्हणाले. रागावले नाहीत. पण त्यानंतर एक तारखेला ते पाच दारांत जायचे. माझ्या दारावरून तसेच पुढं जायचे. भूमला, घरी, मनाला एवढं लागेल असं मला कधी कुणी बोललंही नव्हतं. पुढं दीड वर्ष ते माझ्याशी सगळं बोलले. औषधाच्या गोळ्या कुठल्या वेळी घ्यायच्या, बकरी का खात नाही, सगळं. ते एक सोडून.

मधल्या काळात आमचा भाग बदलला. रेल्वेचं काम सुरू झालं, मेडिकल कॉलेजची पोरं राहायला आली, आणि जिथं रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे, तिथं गुंठ्याचा भाव लोक दबक्या आवाजात सांगू लागले. चार हजारांची खोली सहाला गेली. चाचांच्या ओट्यावर गाड्यांतून माणसं येऊन बसू लागली. चाचा त्यांना दिवसांचा प्रश्न विचारायचे आणि माणसं घड्याळ बघत उठायची.

त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात होता. शिकलेला, शांत, वडिलांसमोर मान खाली घालून बसणारा. ईदला तो बायको-मुलांना घेऊन आला. आम्हा भाडेकरूंना शीरखुर्म्याला बोलावलं होतं. बोलता बोलता चाचांनी त्याला विचारलं, "तुझे किती दिवस जात्यात रे?" ते जगाला विचारायचे, पण मुलाला त्यांनी कधी विचारलं नव्हतं, हे मला चाचींनी नंतर सांगितलं.

मुलगा वाटीतला चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "बावीस, अब्बा."

"सव्वीसातले?"

"हौ."

त्याची आधीची नोकरी गेली होती आणि नवी कमी पगाराची मिळाली होती. हप्त्यावर घेतलेला फ्लॅट विकावा तर इमारत कोर्टकज्जात अडकलेली, घेणारं कुणी नाही. हे त्यानं आठ महिने घरी सांगितलं नव्हतं. चाचांनी नातवाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. "चार दिवसांत चौघं खाता," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मुलाची बायको उठून आत गेली.

महिन्याभरात जागा विकायचं ठरलं. घेणारा एक तरुण बिल्डर होता, बोलायला गोड, पाया पडणारा. चाचांनी आम्हा सहाजणांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, "पोराचं घर वाचवायचंय. तुमची घरं मोडावी लागत्यात. सहा महिने हायत. तुमाला जागा शोधून द्यायचं काम माझं." भाडं त्यांनी शेवटच्या महिन्यापर्यंत घेतलं. तेही नियमातलंच होतं.

मग ते रोज सकाळी चालत निघायचे. ज्यांची घरं त्यांनी बांधली होती त्यांच्याकडंच जायचे. लोक मान द्यायचे, खुर्ची द्यायचे, चहा यायचा. भाड्याचा आकडा मात्र हलायचा नाही. एका घरी ते मालकाला म्हणाले, "हे घर मी बांधलं तेव्हा माझी हजरी किती होती, तुमाला ठावं हाय."

मालक म्हणाला, "मिस्त्री, तेव्हा सिमेंटची गोणी केवढ्याला होती, ते तुम्हाला ठाऊक आहे."

हे त्यांनी स्वतःच घरी येऊन आम्हाला सांगितलं. "त्याचं बी बरोबर हाय," म्हणाले आणि चपला झाडून आत गेले.

माझ्यासाठी त्यांनी चार हजारांची खोली काढली. "सात दिवस पडत्यात. एक दिवस मी हरलो," ते म्हणाले. गुरुजी तोवर क्लासमध्ये शिकवू लागले होते. त्यांची खोली नऊ दिवसांना गेली. तिथं तीन दिवस हरले. एकेक करून पाच जणांचं झालं. मावशींचं होईना. पाण्याची सोय असलेली खोली अडीच हजारांच्या खाली नव्हतीच. म्हणजे महिन्याच्या कमाईतले साडेबारा दिवस. गुडघे गेलेली बाई, साठी उलटलेली, पुढं-मागं कुणी नाही. चाचा मावशींना आकडा सांगायचेच नाहीत. "बघतोय, बघतोय," म्हणायचे. मावशीही विचारत नव्हत्या.

खरेदीखताचा दिवस दोनदा ठरला आणि दोनदा चाचांनी पुढं ढकलला. मुलाचा हप्ता चुकला. चाची ओट्यावर येऊन आम्हाला ऐकू जाईल असं बोलल्या, "बेटे का हप्ता चुकरा, और इनो भाकरीवाली का कमरा ढूंढरे." चाचा चपला घालून खोली बघायला बाहेर पडले. त्या दिवशी संध्याकाळी मात्र ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. दीड वर्षांनी.

"उद्या रजा काढ. बिल्डरच्या हापिसात यायचंय. कागद वाचायचेत."

मी म्हणाले, "चाचा, गुरुजींना न्या. ते जास्त शिकलेत."

"गुरुजी सरळ माणूस हाय. कागदात खोटं कुठं दडवत्यात, ते तुला कळंल."

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. मी हो म्हणाले.

ऑफिसात थंड हवा होती. भिंतीवर आमच्या प्लॉटवर होणाऱ्या सात मजल्यांचं रंगीत चित्र होतं, त्यात खाली झाडं आणि छत्री घेतलेली बाई. मी कागद वाचले. खोटं काही सापडलं नाही. मग चाचांनी खिशातून चौकोनी वहीचं पान काढलं. प्लॉट मागच्या अंगाला तिरका होता. त्या तिरक्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं एक खोली काढली होती, दार मागच्या बोळाकडं. "एवढं सोडून बाकी घ्या," ते म्हणाले.

बिल्डर हसला. "चाचा, तिथं माझं पार्किंग आहे."

"ठावं हाय."

"भाव पडेल तुमचा. बराच पडेल."

"किती, ते पोराला फोनवर सांगा. त्याला कळू द्या."

फोन लावला. बिल्डरनं आकडा सांगितला, चाचांनी तो कोपरा मावशींसाठी हवाय असं सांगितलं. तो आकडा मुलाच्या दोन वर्षांच्या हप्त्यांएवढा होता. मग मुलानं विचारलं, "अब्बा, वो कौन लगती अपनी?"

चाचा फोनकडं बघून बोलले. "वीस वर्षं माझ्या हाताखाली बिगारी होती ती. ह्या सगळ्या खोल्यांच्या विटा तिच्या डोक्यावरून आल्या. मी निस्ता थरावर थर ठेवला."

मला ते तोवर माहीत नव्हतं. चार वर्षं मी मावशींच्या शेजारी राहत होते.

मुलगा म्हणाला, "ठीक है." त्यात आनंद नव्हता. पुढं कितीतरी दिवस त्यानं फोन केला नाही, आणि त्याचंही चुकलं असं मला वाटत नाही. जागा विकून त्याच्या कर्जाचा मोठा भाग फिटला, तरी थोडं उरलंच. ते उरलेलं तो अजून फेडतो. चाचा-चाची आता त्याच्याकडंच पुण्यात, नवव्या मजल्यावर राहतात. चाचांना लिफ्टची सवय झाली नाही असं ऐकते. ते जिन्यानं उतरतात, मधे दोनदा बसतात, आणि चौकीदाराला त्याचे दिवस विचारतात.

जायच्या आधी त्यांनी तो कोपरा मावशींच्या नावावर केला आणि ती खोली स्वतः बांधली. दहा बाय बारा धरली होती, पण कोपरा तिरका असल्यामुळं एक भिंत काटकोनात बसेना. चाळीस वर्षांत गुण्या लावून न जुळलेली ही त्यांची पहिली भिंत. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. मावशी म्हणाल्या, "भाकरी काय काटकोनात थापायचीय व्हय मला?" रविवारी आम्ही जुने भाडेकरू जमायचो. गुरुजी वाळू चाळायचे, मी पाणी मारायचे. मागं यंत्रानं आमच्या खोल्या पाडायचं काम सुरू झालं होतं. दोन्ही आवाज एकत्र यायचे. चाचा तिकडं पाठ करून काम करायचे.

स्लॅबच्या दिवशी चाचींनी सगळ्यांसाठी खिचडा केला होता आणि बोळातल्या लोकांनाही बोलावलं होतं. चाचा सत्तरीत, पण शिडीवरून वर चढले आणि स्लॅबच्या फळ्यांवर गुडघे टेकून बसले. खाली खडी-सिमेंट कालवून तयार होतं. पहिलं घमेलं द्यायला गुरुजी वाकले, तेवढ्यात मावशी खानावळीतून आल्या. हात अजून पिठाचे होते. त्यांनी पदर खोचला, एका फडक्याची चुंबळ वळली आणि डोक्यावर ठेवली.

"द्या माझ्या डोक्यावर," त्या गुरुजींना म्हणाल्या.

चाचा वरून म्हणाले, "खाली ठेव ते. तुझे गुडघे गेलेत. आता तू मालकीण हायस."

"मालकीण हाय म्हणूनच म्हणते, मिस्त्री. मजुराला काम सांगितल्यावर मजूर मागं-पुढं बघत न्हाय. धरा."

गुरुजींनी आणि मी मिळून घमेलं उचलून त्यांच्या डोक्यावर दिलं. त्यांची मान एकदा डळमळली आणि सरळ झाली. एक हात शिडीला, एक घमेल्याला. पहिल्या पायरीवर त्या थांबल्या. चाची म्हणाल्या, "अरे कोई पकडो उसकू." कुणी हललं नाही. मग दुसरी पायरी, मग तिसरी. मावशी चौथ्या पायरीवर आल्या तसे चाचा फळ्यांवर पोटावर आडवे झाले, दोन्ही हात खाली सोडले आणि त्यांच्या डोक्यावरचं ओझं स्वतःच्या हातात घेतलं.